पुस्तकातली गाडी आणि शाळेपुढचं वळण

मुलांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक गाडी आहे. तिला नंबर नाही, रंग नाही, आत कोण बसलंय तेही ठाऊक नाही. ती विराम अवस्थेतून निघते, एकसमान त्वरणाने बरोब्बर ८ सेकंद पळते आणि मग तुम्हालाच विचारते, "सांगा बघू, मी किती अंतर कापलं?" उत्तराखाली दोन रेघा मारल्या की ती नाहीशी होते. पुढच्या पानावर तिच्या जागी आगगाडी येते. त्याच्या पुढच्या पानावर मनोऱ्यावरून दगड पडतो आणि खाली कंसात लिहिलेलं असतं, 'हवेचा रोध विचारात घेऊ नका.'

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी २७ वर्षं विज्ञान शिकवलं. तेवढ्या काळात ही गाडी माझ्या फळ्यावरून किती वेळा गेली असेल, त्याची मोजदाद नाही. मुलं काय करतात, ते मला पाठ आहे. गतीची तीन समीकरणं समोर ठेवायची, उदाहरणात काय दिलंय आणि काय विचारलंय ते पाहायचं, बसेल ते समीकरण उचलायचं आणि आकडे घालायचे. उत्तर येतं, मार्कही मिळतात. पण ती गाडी खरीखुरी आहे, तिच्यापुढे कोणीतरी उभं असू शकतं, हे मनात येत नाही. येईल तरी कसं? पुस्तकातल्या रस्त्यावर माणूसच नसतो.

एकदा मात्र ही गाडी फळ्यावरून उतरली आणि थेट आमच्या शाळेपुढच्या रस्त्यावर आली. त्याचीच हकिकत आज सांगते.

२०१४ सालचा जुलै महिना होता. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. नववीच्या वर्गात मी एक साधं उदाहरण घातलं. एक गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे. चालकाने ब्रेक लावल्यावर ती ४ सेकंदांत थांबली. तर त्वरण किती आणि ब्रेक लावल्यानंतर गाडीने किती अंतर कापलं?

सोपं आहे की नाही? ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेग २० वरून शून्यावर आला, त्याला ४ सेकंद लागले. म्हणजे दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला. त्वरण झालं उणे ५. आता अंतर. सुरुवातीचा वेग २०, शेवटचा शून्य, सरासरी १०. सेकंदाला १० मीटर या हिशेबाने ४ सेकंदांत ४० मीटर. झालं!

मी फळा पुसायला वळले, तेवढ्यात मागून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. एरवी ती फारशी बोलायची नाही.

"बाई, आपल्या शाळेपुढच्या वळणावरनं आपलं गेट दिसतं, ते अंतर चाळीस मीटर असंल का?"

कोणीतरी खुदकन हसलं. पण ते हसू लगेच विरलं, कारण तिने का विचारलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात वळणावरून आलेल्या एका टेम्पोचा धक्का सहावीतल्या एका मुलाच्या सायकलला लागला होता. मुलगा बाजूच्या चिखलात पडला म्हणून बचावला, पण मनगटाचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून तो घरी बसला होता. आणि प्रश्न विचारणारीचा धाकटा भाऊ त्या वर्षी पाचवीत आला होता. रोज दोनदा तोच रस्ता ओलांडत होता.

मी म्हटलं, "मोजलेलं नाही. मोजूया."

रविवारी सकाळी, रस्त्यावर वर्दळ नसताना, आम्ही मोजणी केली. आमचे शिपाईमामा लाल फडकं घेऊन वळणाच्या अलीकडे उभे राहिले. पलीकडे माझे वडील, अण्णा. वळणावर ज्या जागी पहिल्यांदा शाळेचं गेट डोळ्यांना दिसतं, तिथे खडूने खूण केली आणि तिथून गेटापर्यंत टेप धरली. ४५ मीटर भरले.

वर्गात एकच गलका झाला. "बाई, चाळीसात थांबते! पाच मीटर उरतात!"

पण इथे एक गोम होती. पुस्तकातली गाडी 'ब्रेक लावल्यावर' किती जाते, ते उदाहरणात विचारलं होतं. ब्रेक लावायच्या आधी काय होतं? चालकाला मूल दिसतं, ते मूल रस्त्यात आहे हे डोक्यात शिरतं, मग पाय एका पट्टीवरून उचलून दुसरीवर जातो. या सगळ्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ गाडी पहिल्याच वेगाने पळत असते.

हा वेळ तुम्हालाही मोजता येईल बरं का! एक ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. खाली, शून्याच्या खुणेपाशी, तुमचा अंगठा आणि बोट थोडं उघडं ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. बहुतेकांच्या हाती पट्टी १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी सापडते. समजा २० वर सापडली. पडणाऱ्या वस्तूचं त्वरण ९.८. अंतर म्हणजे त्वरणाची निम्मी पट गुणिले वेळेचा वर्ग. त्यावरून वेळ निघते साधारण ०.२ सेकंद. पण तुम्ही तर टपूनच बसलेले असता! चालक काही दर क्षणाला टपून बसलेला नसतो. त्याला अचानक दिसतं, विचार करावा लागतो, पाय हलवावा लागतो. त्याला एक सेकंद तरी धरायलाच हवा, कधी कधी दीडही.

एक सेकंद! किती लहान वाटतो. पण ताशी ७२ च्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी २० मीटर पुढे येते. ब्रेकला पायही लागलेला नसतो. मग वरचे ४० धरून एकूण झाले ६०, आणि आपल्याकडे आहेत ४५.

वर्ग एकदम शांत झाला.

मग मुलांनीच पुढचा प्रश्न काढला. किती वेगाने आलं तर गाडी ४५ मीटरांत थांबेल? वहीत वेगवेगळे वेग घालून पाहिले. ताशी ३६ ला विचाराचे १० आणि ब्रेकचे १०, मिळून २० मीटर. ताशी ५४ ला १५ आणि साडेबावीस, मिळून साडेसदतीस. ताशी ६० ला १६.७ आणि २७.८, मिळून साडेचव्वेचाळीस मीटर. म्हणजे ताशी ६० ची गाडी गेटापाशी अगदी नाकासमोर येऊन थांबते.

इथे एक गोष्ट नीट पाहा. ३६ वरून ७२, म्हणजे वेग दुप्पट झाला. विचाराचं अंतर १० वरून २० झालं, दुप्पटच. पण ब्रेकचं अंतर १० वरून ४० झालं, चौपट! वेगाचा वर्ग जो त्या समीकरणात बसलेला असतो ना, तो नुसता पाठ करण्यासाठी नसतो. असलाच वर्ग गॅलिलिओला उतरत्या फळीवरून गोळा सोडताना सापडला होता. दुप्पट वेळात गोळा चौपट अंतर जातो, तिप्पट वेळात नऊपट. सेकंद मोजायचं घड्याळ तेव्हा नव्हतं, म्हणून भांड्यातून गळणारं पाणी तोलून तो वेळ मोजायचा. हे सगळं त्याने लिहून काढलं, ते पुस्तक १६३८ साली छापलं गेलं. त्या वेळी तो स्वतःच्याच घरात नजरकैदेत होता.

आता खरा धक्का पुढे आहे. ताशी ६० ची गाडी थांबली. मग ताशी ७२ ची गाडी गेटापाशी पोहोचेल, तेव्हा तिचा वेग किती उरला असेल? मुलांनी अंदाज केले. कोणी म्हणे १२, कारण ७२ वजा ६०. कोणी म्हणे १५. त्याच मुलीने फळ्यावर येऊन उदाहरण सोडवलं. विचारात २० मीटर गेले, ब्रेकला उरले २५. वीसचा वर्ग ४००. त्यातून दोन गुणिले पाच गुणिले पंचवीस, म्हणजे २५० वजा. उरले १५०. वर्गमूळ साधारण १२.२ मीटर प्रति सेकंद. ताशी किती झाले? ४४ किलोमीटर!

तिने खडू खाली ठेवला आणि आपल्याच आकड्याकडे बघत राहिली. जिथे एक गाडी थांबून उभी राहते, तिथेच, फक्त १२ किलोमीटर जास्त वेगाने आलेली गाडी ताशी ४४ च्या वेगाने आदळते. तेवढ्याच वेगाने जमिनीवर आपटायचं असेल, तर साडेसात मीटरांवरून, म्हणजे अडीच मजल्यांवरून पडावं लागेल.

आता गाड्या खरंच किती वेगाने येतात, ते बघायला हवं होतं. आम्ही कंपाउंडच्या आत, भिंतीमागे उभे राहिलो. रस्त्यावर कोणी जायचं नाही, हा पहिला नियम. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं, ते ५० मीटर होतं. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खांबाशी आलं की घड्याळ सुरू, दुसऱ्याशी आलं की बंद. तीन सेकंद लागले तर ताशी ६०. अडीच लागले तर ७२. अर्ध्या सेकंदाचा फरक! म्हणून एकाच गाडीची वेळ चौघांनी मोजायची आणि सरासरी काढायची, असं ठरवलं. बोट मागेपुढे झालं तर गाडीवर उगाच आळ येऊ नये.

एस.टी. आली, सव्वाचार सेकंद. ऊस नसलेला रिकामा ट्रॅक्टर, सहा सेकंद. दोन मोटारसायकली, दोन सेकंद आणि वर थोडं. आणि मग दुधाचा टेम्पो आला. अडीच सेकंद. चौघांचीही वेळ जुळली. पण आकडा लिहिणारा मुलगा पेन धरून तसाच उभा राहिला. तो टेम्पो त्याच्या वडिलांचा होता.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने वहीत लिहिलं, 'टेम्पो, २.५'. त्या पानावरचा तो आकडा मला अजून आठवतो. इतर आकड्यांपेक्षा बारीक अक्षरात होता, पण होता.

दुसऱ्या दिवशी ते वडील शाळेत हजर! "बाई, माझी गाडी जोरात असते असं पोरगं म्हणतंय. पंधरा वर्षं चालवतोय मी. करकचून ब्रेक मारला की पंधरा-वीस मीटरात जागेवर उभी राहते."

माझी पंचाईत झाली. पण अण्णा तिथेच बसलेले होते. आता अण्णांविषयी सांगते. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १ जून १९४८ ला धावली. अण्णांचा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणून "मी आणि एस.टी. एकाच वयाचे" असं ते सांगायचे. उभी हयात त्यांनी वाई-पाचगणी-महाबळेश्वर केलं. निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडेच राहायचे आणि अधूनमधून शाळेत येऊन बसायचे.

अण्णा त्यांना म्हणाले, "बसा पाटील, चहा घ्या. तुमचं खरं की पोरांचं, ते आपण गाडीलाच विचारू."

जत्रेचं मैदान मोकळं होतं. पाऊस चार दिवस उघडला होता, जमीन वाळलेली होती. टेम्पोतले कॅन उतरवले. अण्णा शेजारच्या सीटवर बसले. अट अशी की काटा ३६ च्या वर न्यायचा नाही, आणि अण्णा वाटेत कधीही, न सांगता, खिडकीबाहेर लाल फडकं टाकतील आणि "थांब!" म्हणतील. मुलं लांब, बांधावर. टेम्पो आला, फडकं पडलं, टायर करकरले, टेम्पो थांबला. आम्ही टेप घेऊन धावलो. फडक्यापासून चाकापर्यंत २२ मीटर.

आमच्या वहीत २० होते. मग हिशेब चुकला का? नाही. फडकं पडायला क्षणभर लागला, मैदानाची माती डांबरासारखी पकड घेत नाही, आणि कानावर आवाज येऊन पाय हलायला सेकंदापेक्षा जरा जास्तच लागला असेल. खऱ्या मोजणीत असं थोडं मागेपुढे व्हायचंच. पण ते पाटील टेपकडे एकटक बघत होते. वेग ३६ चा, आणि तरी बावीस मीटर! तेव्हा त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, दुप्पट वेगाला दुप्पट न्हाई होत. ब्रेकचं चौपट होतं. साठ मीटर लागतात."

त्यांनी मुलाच्या हातातली वही घेतली, बघितली आणि परत दिली. काही बोलले नाहीत. कॅन चढवले आणि निघून गेले. पण पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा भिंतीमागे उभे राहिलो, तेव्हा त्या टेम्पोला दोन खांबांमधून जायला साडेचार सेकंद लागले. म्हणजे ताशी ४०. या वेळी आकडा मोठ्या अक्षरात लिहिला गेला.

त्यानंतर मी अण्णांना वर्गात बोलावलं. अण्णा चौथी शिकलेले. न्यूटनचं नाव त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेलं. पण त्यांचं पहिलंच वाक्य मी तोपर्यंत कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते म्हणाले, "पोरांनो, ब्रेक नुसता चाकाला धरतो. गाडीला धरतो तो रस्ता."

किती खरं आहे बघा. भरलेली एस.टी. समजा १५ टनांची, म्हणजे १५,००० किलोग्रॅम. तिला उणे ५ त्वरणाने थांबवायचं, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे बल हवं ७५,००० न्यूटन. हे बल गाडीच्या आतून येऊ शकत नाही. गाडीतल्या माणसांनी आतून कितीही ढकललं तरी गाडी हलत नाही, तसंच हे. चाक रस्त्याला पुढे ढकलतं, रस्ता चाकाला तेवढ्याच जोराने मागे ढकलतो. हा झाला तिसरा नियम. १६८७ साली न्यूटनने हे नियम छापले, तेव्हा मोटारी नव्हत्या. पण आजही प्रत्येक गाडी त्यांच्याच हुकमात थांबते. आणि रस्त्यावर पाणी, चिखल किंवा वाळू असली की त्याची पकडच ढिली होते. त्वरण उणे ५ ऐवजी उणे ३ झालं, तर ताशी ७२ ची गाडी ४० मीटरांऐवजी ६७ मीटर घेते, आणि विचाराचे २० धरून ८७.

एका मुलाने विचारलं, "अण्णा, भरलेली गाडी लवकर थांबते का रिकामी?"

अर्धा वर्ग म्हणाला रिकामी. पण आपण वर जे हिशेब केले, त्यात गाडीचं वजन कुठे आलं का? नाही! भरलेल्या गाडीला थांबवायला जास्त बल लागतं हे खरं. पण भरलेली गाडी रस्त्यावर दाबतेही जास्त, म्हणून घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. वस्तुमान दोन्हीकडे येतं आणि कटून जातं. ब्रेक चांगले असतील तर सपाटीवर दोन्हींना साधारण सारखंच अंतर लागतं. २ ऑगस्ट १९७१ ला चंद्रावर डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकदमच सोडलं, आणि दोन्ही एकदमच खाली पडली. तिथेही वस्तुमान असंच कटून गेलं. तिथे हवाच नाही, म्हणजे 'हवेचा रोध विचारात घेऊ नका' हे वाक्य तिथे अगदी खरं!

अण्णा मान हलवत म्हणाले, "सपाटीला सारखं असंल. घाटात न्हाई. घाटात ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी वर्गाने त्याचा हिशेब केला. पाचगणी वाईहून साधारण ५५० मीटर उंच आहे. पसरणी घाटातून १५ टनांची एस.टी. खाली आली आणि तिला कशानेच अडवलं नाही असं समजा. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरा. शेवटच्या वेगाचा वर्ग येतो ११,०००, आणि वेग सेकंदाला १०५ मीटर. ताशी ३७५ किलोमीटरच्याही वर! पुस्तकातली घर्षण नसलेली गाडी वाईला अशी पोहोचली असती. खरी एस.टी. वाईच्या स्टँडवर हळूच येऊन उभी राहते. मग मधली सव्वाआठ कोटी ज्यूल ऊर्जा गेली कुठे? उष्णतेत गेली. तेवढ्या उष्णतेत अडीचशे लिटरहून जास्त पाणी उकळेल, दोनशे लिटरचं पिंप भरून वर उरेल. ही सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली, तर ते तापून लाल होतील, पकड सोडतील. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. गाडी जितकी भरलेली, तितकी उष्णता जास्त. वस्तुमान सपाटीवर कटलं, पण उष्णतेच्या हिशेबात ते परत आलं.

अण्णा फळ्यावरच्या त्या आकड्याकडे पाहत म्हणाले, "एवढं मोठं असंल असं वाटलं नव्हतं. पायाला मात्र ठाऊक होतं."

आता आमच्या वळणाचं काय केलं, ते सांगायला हवं. आमचा हिशेब वहीत होता, पण त्यातलं काय बदलणं आमच्या हाती होतं? सगळ्या चालकांना मैदानावर नेता येणार नव्हतं. टायर आणि पाऊस आमच्या हातात नव्हते. तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "बाई, वेग बदलत नसंल तर अंतर बदलूया का?"

वळणाच्या आतल्या बाजूला घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली होती. तिच्यामुळेच चालकाला गेट उशिरा दिसायचं. सरपंचबाईंनी परवानगी दिली आणि गावातल्या मोठ्या माणसांनी दोन रविवारी ती सगळी तोडून काढली. पुन्हा टेप धरली. ४५ चे ६५ मीटर झाले. ताशी ७२ च्या गाडीला कोरड्या रस्त्यावर ६० लागतात, म्हणजे ती थांबेल. पण पावसात ८७ लागतात, त्याचं काय? मग कंपाउंडच्या पलीकडच्या टोकाला, वळणापासून आणखी ३० मीटर दूर, एक छोटं फाटक केलं आणि जुनं गेट मुलांसाठी बंद केलं. पासष्ट आणि तीस, पंचाण्णव. दुसऱ्या बाजूला रस्ता सरळच आहे, तिथे लांबवरचं दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात गतिरोधक आणि पांढरे पट्टेही आले. पण तोवर आमची मुलं नव्या फाटकातूनच ये-जा करत होती, पहिल्या दिवसापासून.

पालकांनाही दोन शब्द सांगते. मूल उदाहरण सोडवत असेल, तेव्हा 'उत्तर बरोबर आलं का' एवढंच विचारू नका. 'म्हणजे किती रे? आपल्या घरापासून कुठपर्यंत?' असंही विचारा. ४० मीटर हा आकडा वहीत लहान दिसतो. अंगणातून मोजत निघालात तर तो शेजाऱ्याच्या दारापलीकडे जातो. आणि मोटारसायकलच्या टाकीवर लहान मूल बसवून निघालात, तर पहिला नियम आठवा. ब्रेक गाडीला लागतो, मुलाला नाही. मूल जडत्वाने पुढेच जातं, आणि ताशी ४० च्या वेगाला कोणत्याही आईबापाचा एक हात त्याला धरून ठेवायला पुरत नाही. डोक्यावर हेल्मेट हवं, ते लहान मुलाच्याही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक उदाहरण देऊन थांबते. याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर मिळणार नाही. तुमच्या शाळेच्या फाटकातून रस्ता ओलांडताना येणारी गाडी पहिल्यांदा कुठे दिसते? तिथपर्यंतचं अंतर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, रस्त्याच्या कडेने पावलं टाकत मोजा. एका पावलाची लांबी घरीच टेपने काढून ठेवा. मग विचाराचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्याला उणे ५ आणि ओल्याला उणे ३ घेऊन काढा, की कोणत्या वेगाची गाडी तिथे थांबू शकेल आणि कोणत्या वेगाची नाही. उत्तर आलं की वहीत दोन रेघा मारू नका. ती वही उघडीच घेऊन आधी घरी दाखवा आणि मग शाळेत.